ताक घुसळू नकोस, पाळणा हलव

आपांना माणसाचं नाव कधी लक्षात राहिलं नाही, रक्त मात्र राहायचं. बाजारात एखादी बाई दिसली की भाजीच्या ढिगापलीकडून ओरडायच्या, "आवं, नऊ पॉइंट दोन! गोळ्या घेताय का न्हाई?" बिचारी बाई हातातली मेथी तिथंच टाकून पळायची.

मलकापूरच्या आमच्या लॅबमध्ये रक्तपेशी तपासायचा विभाग आपांकडं होता. मी पार जतकडच्या वाडीवरची. मेंढरांमागं फिरता फिरता शाळा आठवीतच सुटलेली. नळ्या लावायच्या, काचा धुवायच्या, हे माझं काम. पहिल्याच दिवशी आपांनी माझंच रक्त तपासलं. "हिमोग्लोबिन सात! आगं, तू कामाला आलीस का ॲडमिट व्हायला?" तेव्हापासून रोज त्यांच्या डब्यातली अर्धी भाजी माझ्या ताटात. मी खाऊन संपवेपर्यंत समोर बसायच्या, पोलिसासारख्या.

मायक्रोस्कोपमध्ये बघताना आपा स्वतःशीच बोलायच्या. तांबड्या पेशी मधे फिक्या दिसल्या की "मेदूवडे झाल्यात नुसते". पांढऱ्या वाढल्या की "वऱ्हाड आलंय, कुटंतरी पिकलंय". मशीन असताना एवढं कशाला, असं डॉक्टर म्हणायचे. आपांचं उत्तर ठरलेलं, "मशीन मोजतंय. बघत न्हाई."

जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त घेतलं की ती लगेच आठ वेळा हळूच उलटसुलट करायची. आतलं औषध मिसळतं, गुठळी होत नाही. "ताक घुसळू नकोस, पाळणा हलव," हे आपांनी मला शंभरदा सांगितलेलं. एकदा नेमका घरून फोन आला, सासूबाई पडल्या म्हणून. मी घाबरून हातातली नळी तशीच स्टँडमध्ये ठेवली.

ती होती कडेगावच्या एका तापाच्या पोरीची. मशीननं प्लेटलेट दाखवल्या अठरा हजार, निदान दीड लाख हव्यात तिथं. कुणीतरी घाईनं आकडा बाहेर सांगितला. पोरीच्या बापानं सांगलीला न्यायला गाडी बोलावली, पाहुण्यांना रक्त द्यायला फोन लावले. बोलावं तर नोकरी जाणार, पुन्हा वाडी. पण तो बाप रडत होता.

"आपा, ती नळी मी हलवली न्हाई."

आपांनी नळीत काडी फिरवली. काडीला गुठळी चिकटून आली. मग त्याच रक्ताची काच करून मायक्रोस्कोपखाली ठेवली. "बघ तुझी करामत." आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला डोळा लावला. राजगिरा सांडावा तशा प्लेटलेट कडेला ढीग करून बसल्या होत्या.

"कमी न्हाईत, चिकटल्यात. जा, गाडी थांबीव. तूच सांग त्याला."

पुन्हा रक्त घेतलं, त्या नळीत निघाल्या पावणेदोन लाख. बाप मला बोलायचं ते बोललाच. डॉक्टर म्हणाले, "हिला काढा."

"काढा की," आपा म्हणाल्या. "नवी येईल ती ही चूक पहिल्यापासनं करंल. हिची करून झालीया."

मी राहिले. आपा यंदा निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी डिप्लोमा झालेल्या दोन पोरींना माझ्यापुढं उभं करून म्हणाल्या, "नळी कशी धरायची, हिला इचारा."

मी हळूच म्हणाले, "आपा, मी आठवी हाय."

"नळीला कुटं म्हाईत हाय ते?" म्हणत आपांनी पिशवी उचलली.