कुसळ काढणारी भागाबाई

दादरची, म्हणजे रब्बीच्या ज्वारीची, मळणी सुरू झाली, की अमळनेरकडच्या त्या गावात भागाबाईच्या ओट्यावर माणसं डोळा धरून बसलेली असायची. डोळ्यात गेलेलं कुसळ भागाबाई जिभेनं काढायची. पापणी उलटायची, जिभेचं टोक अलगद फिरवायची आणि कुसळ थुंकून टाकायची. कुणाकडून सुपारीचं खांडही घ्यायची नाही; घेतलं तर अंगचा गुण जातो, असं सासूनं तिला बजावलं होतं. शिवाय ती दिवसभर मिसरी लावायची. त्या तंबाखूनं डोळ्यात जी आग उठायची, तिलाच लोक गुण आला म्हणायचे.

चौऱ्याऐंशीच्या हंगामात शेजारच्या कमलबाईच्या उजव्या डोळ्यातलं कुसळ तिनं असंच काढलं. डोळा सुजला, बुबुळावर पांढरा ठिपका आला. घरच्यांनी आधी शेळीचं दूध घालून पाहिलं, मग उशिरा शहाणपण सुचून धुळ्यात देवपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबतीला भागाबाई होतीच.

"डोळ्याला काय लावलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नही. मीच चोया," कमलबाई म्हणाली.

"कचरा गेला तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्यानं धुवायचं. नाही निघाला तर त्याच दिवशी यायचं. बोट, पदर, जीभ लावाल तर जखमेत घाण जाते."

जीभ हा शब्द ऐकताच भागाबाईनं पदरानं तोंड झाकलं. कमलबाईच्या डोळ्यात फूल पडलं आणि त्या डोळ्याची नजर कायमची गेली.

भागाबाईनं जीभ लावणं सोडलं. कुणी आलं की उकळून गार केलेलं पाणी पुढे करायची आणि धुळ्याला जा म्हणायची. कारण मात्र सांगेना. लोक म्हणाले, म्हातारी शेफारली. मग ते दुसऱ्या कुणाकडून तरी पदराच्या टोकानं कुसळ काढून घेऊ लागले. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरं काय!

पुढच्या मळणीत कमलबाईच्या डाव्या, चांगल्या डोळ्यात कुसळ गेलं. ती चाचपडत थेट भागाबाईकडेच आली.

"अक्का, काढी दे."

"मी काढत नही. धुयाले डॉक्टरकडे चाल."

"मी डॉक्टरले तुनं नाव बी सांगं नही. मंग काबर काढत नही?"

भागाबाईला रडू कोसळलं. "मन्ही जिभमुये गया तुना तो डोया," ती म्हणाली.

कमलबाई तिच्यासोबत निघाली. एसटीत ती भागाबाईचा हात घट्ट धरून बसली, कारण तिला दिसत नव्हतं. डॉक्टरांनी थेंब टाकून कुसळ काढलं, पट्टी बांधली. पट्टी असेपर्यंत भागाबाईच तिला हाताला धरून नेत-आणत होती. पट्टी सुटली, दिसायला लागलं, आणि कमलबाईनं हात सोडला.

नंतर तिनं खळ्यावर सगळं सांगून टाकलं. तेव्हापासून डोळ्यात काही गेलं की लोक सरळ धुळ्याची गाडी धरू लागले. भागाबाईला हेच हवं होतं. पण आता बायका तिच्या मांडीवर लेकरूही देईनात, आणि त्याचं तिला मरेपर्यंत वाईट वाटत राहिलं.