कानबाईला लाइफ जॅकेट नव्हतं

मी सुरक्षा अधिकारी आहे आणि मला पोहता येत नाही. या दोन गोष्टी यंदापर्यंत एकमेकींच्या वाटेत आल्या नव्हत्या.

श्रावणात आमच्या तापीकाठच्या घरी कानबाई, म्हणजे नारळाच्या रूपातली आमची खानदेशी देवी, बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. आमच्याकडे कानबाईचं नारळ सोडून देत नाहीत. पाण्यात बुडवायचं आणि परत आणून देव्हाऱ्यात ठेवायचं. आमचं नारळ मायच्या आजेसासूपासून चालत आलेलं. ते गेलं तर मायने अन्नपाणी टाकलं असतं, म्हणून ती दरवर्षी स्वतःच बुडवते. (माझा उपयोग चपला सांभाळण्यापुरता.)

पण यंदा वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, पायऱ्यांवर शेवाळ. माझ्यातला अधिकारी जागा झाला. बांबू घालून खोली पाहिली, बायकांना मागे हटवलं, रंगात आलेली फुगडी बंद पाडली आणि जाहीर केलं, "कोणीही पाण्यात उतरणार नाही. कानबाई मी बुडवतो."

"अरे, तुले पवता कोठे येस?" माय म्हणाली.

"माझ्याकडे साधनं आहेत."

ऑफिसातून लाइफ जॅकेट, गमबूट आणि रबरी हातमोजे आणले होतेच. कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक तात्यांच्या ट्रॅक्टरला. (तात्या म्हणजे माझे काका. भर पुरात तापी पोहून जाणारा माणूस.) त्यांना बजावलं, "कोणी काहीही म्हणो, दोरीला हात लावायचा नाही."

"बरं सायेब," म्हणत तात्यांनी तंबाखू मळायला घेतली.

मी नारळ घेऊन वाकलो. जॅकेट थेट हनुवटीला आलं, खालचं काही दिसेना आणि ओल्या मोज्यांतून नारळ सुळकन निसटलं.

"मन्ही कानबाई गई रे," माय कळवळली. मी जिवाची पर्वा न करता उडी घेतली. (खरं म्हणजे गमबूट घसरला.) पाणी कमरेएवढंच होतं, पण जॅकेट मला उभं राहू देईना. मी उताणा, नारळ हातभर पुढे आणि दोरी संपलेली.

"तात्या, दोरी ढिली करा!"

"तूच तं सांगेल शे, हात लावू नका."

तेवढ्यात माय लुगडं खोचून पाण्यात शिरली आणि माझ्या शेजारून सरळ पुढे गेली.

"माय, मी इकडे..."

"तू तरंगी ऱ्हायना. पहिले कानबाई."

तिने नारळ गाठलं, पदरात घेतलं आणि परतताना माझी दोरी धरून मलाही वासरासारखं काठाला आणलं. नारळ पाहून मला रडूच आलं. बूट काढले तर त्यांतून निम्मी तापी निघाली.

उशिरा आलेल्या शेजारणीने विचारलं, "काय व्हयनं व?"

माय नारळ पुसत म्हणाली, "काही नही. घाटवर धोका एकच व्हता, तो जाकीट घालीसन उना."