चिंधाभाऊंचा शेवटचा ठसा

चिंधा सोनवणे यांनी जळगावच्या सराफ्यातल्या एका कारखान्यात अडतीस वर्षं ठसे कोरले. धनत्रयोदशीला घरोघरी जाणारी लक्ष्मीची चांदीची नाणी त्यांच्या ठशांतून निघायची. माणूस अबोल. डोळ्याला भिंग लावलं की समोरचा चहा निवून साय धरायचा. त्यांची मुलगी सविता धरणगावच्या आमच्या शाळेत माझ्या वर्गात होती, तेव्हापासूनची ओळख. प्रत्येक ठशात ते कुठेतरी राईहून बारीक ठिपका सोडायचे. तेवढीच त्यांची सही.

शाळेच्या पंचाहत्तरीला समितीने नाणी काढायचं ठरवलं. मोठ्या देणगीदारांना एक्कावन्न प्रूफ, बाकीच्यांना साधी. डोळे थकले, हा माझा शेवटचा ठसा, असं भाऊंनी आधीच सांगितलं होतं. त्यांनी शाळेची कौलारू इमारत कोरली, पुढे कडुनिंब, आणि बुंध्याशी ठिपका.

प्रूफ म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. "गुरुजी, चमक नाण्याला नाही, ठशाला द्यायची. ठसा आरशासारखा घासायचा, चकतीही तशीच. मग दाब एकदा नाही, दोनदा, सावकाश. नाणं चिमट्याने उचलायचं. साध्याला एकच दाब, आणि टोपलीत पडून एकमेकांवर आपटतात ती. म्हणून आधी प्रूफ काढायची, ठसा ताजा असताना. मग साधी."

कारखान्यात उलटं झालं. दिवाळीची घाई होती. मालकाचा मुलगा हितेंद्र याने आधी साधी नाणीच काढली, सहाशे. तेवढ्याने ठसा बोथटला.

समारंभात भाऊंचा सत्कारही होता. त्या सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीत मखमली डब्या मांडल्या होत्या. शाळेच्या जुन्या शिपायाची बायको यशोदाबाई नवऱ्याच्या नावाने देणगी देऊन बसली होती. हितेंद्रने तिच्या हातात डबी ठेवली.

"चमक बघा अक्का. तोंड दिसतं."

यशोदाबाईने डबी शेजारी बसलेल्या चिंधाभाऊंपुढे धरली. "भाऊ, चांगलं शे ना?"

भाऊंनी नाणं कडेला धरून खिडकीकडे तिरपं केलं. मग नाकाशी नेलं. त्यांचा चेहरा आंबट झाला.

"बफच्या चाकाचा वास येतोय."

"हात फिरवलाय थोडा," हितेंद्र म्हणाला. "गिऱ्हाइकाला काय कळतं, भाऊ? तुम्ही उगाच मास्तरांसमोर..."

"कौलांच्या कडा कुठे आहेत? अक्षरं चोखलेल्या गोळीसारखी झालीत. आणि बुंध्याशी बघ."

मी भिंग घेऊन पाहिलं. बुंधा गुळगुळीत होता. साधंच नाणं चाकावर धरून घासलं होतं, त्यात ठिपका निघून गेला होता.

"एक ठिपका तर गेला," हितेंद्र हसला. "सत्कार तुमचाच आहे, भाऊ. गप राहा ना."

त्या हसण्याची मला आजही किळस येते. अडतीस वर्षं ज्या माणसाच्या हातावर दुकान चाललं, त्याच्या तोंडावर तो हसत होता.

भाऊंनी नाणं डबीत ठेवलं आणि बोटं रुमालाला पुसली. एकदा पुसून भागलं नाही, पुन्हा पुसली. मग यशोदाबाईकडे वळून घरच्या बोलीत म्हणाले, "अक्का, हाई प्रूफ नही शे. हाई घासेल शे."

साध्या नाण्यांची पिशवी कोपऱ्यात होती. ते खाली बसले आणि एकेक नाणं उजेडात धरू लागले. बरीच ओरखडलेली होती, काहींवर ठसा पुसट उमटला होता. दहा-बारा मिनिटांनी त्यांना एक सापडलं. ठसा नवा असतानाचं असणार, कौलं मोजता येत होती. ते त्यांनी तिच्या हातावर ठेवलं आणि ठिपका नखाने दाखवला.

डब्या आम्ही सगळ्या कारखान्याला परत केल्या आणि देणगीदारांना खरं काय ते सांगितलं. काहीजण रागावले. आपली डबी तरी राहू द्या, चमकते तर आहे, असंही दोघे म्हणाले. त्यांचा मला जास्त राग आला.

सत्काराला नाव पुकारलं तेव्हा चिंधाभाऊ तिथेच पिशवीपाशी बसले होते. स्वतःसाठी नाणं शोधत होते. ठिपका असलेलं मिळेपर्यंत ते उठले नाहीत.