माझा डिंक, त्याचा दोरा

परभणीच्या चर्चासत्रात मी उष्णतेत टिकणाऱ्या पॉलियुरेथेन डिंकावर बोलणार होतो, आणि वाटेत जिंतूरच्या स्टँडवर माझ्याच बुटाचा सोल निघाला. तो मी माझ्याच प्रयोगशाळेतल्या डिंकानं चिकटवला होता. त्यातला कडक भाग पकड देतो आणि मऊ भाग ताण सोसतो, हे माझ्या प्रबंधात सिद्ध झालंय. मे महिन्यातलं जिंतूर प्रबंधात नव्हतं, एवढंच.

स्टँडबाहेर बूट दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं सोल नाकाशी धरला, मग अंगठ्यानं डिंक ओढून पाहिला. तो च्युइंगमसारखा लांबत गेला.

“कोन्या येड्यानं लावलंय हो हे?”

“बाजारात कुणीतरी,” मी म्हणालो. विद्वान माणसाला खोटं सुचायला वेळ लागत नाही.

त्यानं दोन्ही बाजूंना सोल्यूशन फासलं, ते बोटाला लागेनासं होईपर्यंत निवांत थांबला, दाबून बसवलं आणि वरून आरीनं टाके घातले.

“चिकटवलंत ना? मग शिवता कशाला?”

“डिंकाला ऊन लागतंय, सायेब. दोऱ्याला न्हाई लागत.”

परभणीत मी तासभर बोललो. टाळ्याही पडल्या. माझा डिंक उन्हात किती टिकतो हे मी सांगत होतो, त्याच्या टाक्यांवर उभा राहून.