गठ्ठ्यावरचं पहिलं कार्ड

कुठल्याही संख्येचा वर्ग उणे येत नाही, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. तरी त्या उन्हाळ्यात पुण्याहून चौथ्यांदा आलेल्या संगणकाच्या छपाईतही वर्गांची बेरीज उणेच होती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात ज्वारीच्या प्रयोगांचं आमचं लहानसं कार्यालय होतं आणि त्यात मी हंगामी सांख्यिकी सहायक. हंगामी म्हणजे साहेबांची भुवई वर गेली की नोकरी गेलीच. संगणक पुण्यात. मी प्रोग्रॅम कागदावर लिहायचा, तिकडे त्याची भोकं पाडलेली कार्डं व्हायची. तो गठ्ठा इकडे आला की तपासून, आकड्यांसकट रेल्वे पार्सलने पुन्हा पाठवायचा. उत्तर यायला दहा दिवस. एक स्वल्पविराम चुकला तरी दहा दिवस गेलेच. पत्र्याच्या तापलेल्या खोलीत, गरम वारा फेकणाऱ्या पंख्याखाली मी तीच सूत्रं पुन्हा पुन्हा तपासत होते. चूक सापडत नव्हती आणि अहवाल होईपर्यंत रजा बंद. आईला बरं नाही असं पत्र आलं होतं, तरी जाता येईना. अगदी कोंडल्यासारखं झालं होतं.

मंद्रूपच्या प्रयोगाच्या प्लॉटांवर कणसं तोलून आकडे लिहिणारे मामा रोजंदारीवर होते. सगळे त्यांना मामाच म्हणायचे. पार्सल स्टेशनावर नेणारेही तेच. सायकलच्या कॅरिअरवर मात्र ते गठ्ठा कधी ठेवत नसत. टॉवेलात गुंडाळून एका हाताने छातीशी धरत.

"दणकं बसून कार्डं वाकली म्हंजे काय करता, बाई?" म्हणायचे.

चौथ्या उत्तराला साहेब भडकले. "सूत्रं बरोबर, प्रोग्रॅम बरोबर, मग आकडेच खोटे! मामांनी घरी बसून लिहिलेत. तसं पत्र करा पुण्याच्या वरच्या ऑफिसला. कामावरून बंद करून टाकू त्यांना."

खोट्या आकड्यांचे वर्गही उणे येत नाहीत. हे मला पक्कं कळत होतं. बोलायला तोंड उघडलं, तोच साहेब म्हणाले, "का? प्रोग्रॅम चुकलाय म्हणता?" मी टाइपरायटरपुढे बसले. इंग्रजीत पत्र टाइप केलं, सही केली आणि पार्सलच्या पाकिटात घातलं. लाज वाटत होती, पण भीती त्याहून जास्त होती.

मामा दारात सायकल धरून उभे होते. गठ्ठ्याखाली घालायला कागद हवा म्हणून मी जुन्या छपाईचं पहिलं पान फाडलं. त्या पानाकडे मी कधी बघतच नसे, उत्तर शेवटी असायचं ना! पहिल्या पानावर नुसती यादी असे, यंत्राने कुठल्या सेटिंग लावून काम केलं त्याची. मी तीन सेटिंग मागितल्या होत्या. यादीत दोनच होत्या. आकडे जास्त अंकांपर्यंत धरायची सेटिंग लागलीच नव्हती. चारही वेळा यंत्र पोत्यांच्या काट्यावर वेलदोडे तोलत बसलं होतं; मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीत शेवटचे अंक गळून बेरीज उणे होत होती.

ती सेटिंग गठ्ठ्याच्या पहिल्याच कार्डावर होती. आणि नवं काम म्हणून त्याच कार्डावर मी शाईने 'श्री' लिहून हळदकुंकू वाहिलं होतं. दर वेळी ते कार्ड गठ्ठ्यावर आडवं ठेवलेलं परत यायचं. मला वाटायचं, पुण्याचा ऑपरेटर भाविक दिसतोय! तो बिचारा ते पूजेचं कार्ड समजून, यंत्रात कुंकू जायला नको म्हणून बाजूला काढून ठेवत होता.

आधी हसू आलं, मग घाम फुटला. तशीच ते पान घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. "पत्र काढून घ्या. आणि चूक कुणाची, ते लिहून द्या," एवढंच म्हणाले. मी लिहून दिलं, आणि तिथंच त्या पहिल्या कार्डाच्या जागी नवं कोरं कार्ड पाडायची चिठ्ठी पाकिटात घातली.

बाहेर येऊन मामांना सगळं सांगितलं. पत्राचंही सांगितलं. त्यांनी ते हातात घेऊन उलटसुलट बघितलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"माज्याबद्दल काय लिवलंय, मराठीत सांगा की."

"की तुम्ही घरी बसून आकडे लिहिलेत."

"आन् तुमाला तसं वाटलं व्हतं?"

"नाही, मामा. एकदाही नाही."

त्यांचा चेहरा बघितला आणि वाटलं, यापेक्षा हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पत्र माझ्या हातात परत दिलं. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला, गठ्ठा कॅरिअरला अडकवला आणि स्टेशनाच्या रस्त्याला लागले.