मुकाई-सानांची जाड तार

"विजेला चव असते," असं मुकाई-सान म्हणाले, की त्यांची बायको तोमिए-सान विचारायची, "मग आज मीठ कमी पडलंय का?"

अडतीस वर्षं जपानमधल्या ताकाओका शहरात विजेच्या खांबांवर चढले ते. निवृत्तीनंतर खांब सुटले, वीज सुटली नाही. धरणाची वीज मऊ, कोळशाची खरखरीत, हे छातीठोकपणे सांगायचे. घरातल्या एकमेव मोकळ्या खोलीत माणसाएवढे दोन स्पीकर, आणि अ‍ॅम्प्लिफायरला वीज नेणारी, त्यांनी स्वतः विणलेली तार. मनगटाएवढी जाड, निळी, अजगरासारखी. "ही लावली की चेलोवाल्याचा श्वास ऐकू येतो!"

या वसंतात तोमिए-सान कोतो हे जपानी तंतुवाद्य शिकवायची ते सभागृह बंद झालं. सहा विद्यार्थिनी, तीन लांबलचक वाद्यं आणि जागा नाही.

"अहो, खोली द्या."

"आणि मी ऐकू कुठे?"

"स्वयंपाकघरात. साध्या तारेवर."

"साध्या तारेवर?" भाताऐवजी भुसा खा म्हटल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

"बरं, डोळे बांधून ओळखा. दहात आठ बरोबर आले तर खोली तुमची, मी पुन्हा नाव काढणार नाही. नाहीतर माझी."

"लागली पैज! नाओ-चान, ये गं, पंच हो!" भिंतीपलीकडून मला, शेजारणीला, हाक आली.

रविवारची सकाळ. मुकाई-सानांच्या डोळ्यांवर टॉवेल. तोमिए-सान नाणं उडवणार, छापा आला तर जाड तार, काटा आला तर साधी. मी चेलोची रेकॉर्ड लावणार, दर वेळी तोच एक मिनिटाचा तुकडा.

"जाड!" बरोबर. "साधी!" बरोबर. "साधीच!" बरोबर! मी कागदावर सातवी खूण केली. आठवी, "जाड!"

"आठ!" मी किंचाळलेच.

तोमिए-सान हसली, पण उशिरा. "जिंकलात. बघते मी दुसरीकडे कुठे."

"दोन उरल्यात. सोडायच्या नाहीत."

तिनं पुन्हा तार खोचली. मी सुई उचलली तोच ते म्हणाले, "जाड."

"अहो, अजून रेकॉर्ड लावलीच नाही मी!"

मुकाई-सानांनी टॉवेल ओढून काढला.

"तेच तर! अगं तोमिए, ही तार वाकत नाही. ती खोचायला तू जोर लावतेस आणि 'हुश्श' करतेस. साधीला करत नाहीस. आठही वेळा मी तुझं हुश्श ऐकलं!"

"मग काय झालं? कान तर तुमचेच," मी म्हटलं. "जिंकलात."

"पण तार कुठे ओळखली मी? नाओ-चान, आता तू लाव. तुला अजून हुश्श करता येत नाही."

त्यांनी टॉवेल पुन्हा बांधला आणि मी श्वास रोखून दहा वेळा तारा बदलल्या. पाच बरोबर, पाच चूक. शेवटच्या वेळी तर ते जागेवरून उडालेच, "जाड! श्वास घेतला त्यानं, स्पष्ट!"

मी त्यांचा टॉवेल काढून साधी काळी तार दाखवली. त्यांनी पुन्हा सुई टेकवली, कान स्पीकरला लावला आणि ओरडले, "तोमिए! धाव! साध्या तारेतही श्वास घेतोय गं हा!"

"म्हणजे?"

"म्हणजे खोली घे!"

"कधीपासून?"

"आत्तापासून. धर तिकडून स्पीकर. उद्यापर्यंत थांबलीस तर मला काहीतरी सबब सुचेल."

तिनं बाह्या केव्हाच सरसावल्या होत्या.