डाव्या बाजूचा खड्डा

इथले अनुभव मी तीन-चार वर्षं वाचते आहे, पण आजपर्यंत एक कमेंटसुद्धा केलेली नाही. आज लिहितेय, कारण हे कुणाला तरी सांगायचं आहे आणि ओळखीच्या कुणाला सांगायची हिंमत होत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे एवढं लांब मराठी पहिल्यांदाच लिहितेय... चुका सांभाळून घ्या.

आमच्या घरात भुताखेतांना जागा नाही. पप्पा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, शेजारी पुस्तकांचं कपाट. कुणी पाहुणा अमावस्येबद्दल काही बोलला, की पप्पा शांतपणे विचारतात, "का, त्या दिवशी लाइट जाते का?" लहानपणी मला अंधाराची भीती वाटली की ते हातात टॉर्च द्यायचे. "जा, बघून ये. काय दिसलं ते येऊन सांग." त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे – आधी माप घे, मग बोल.

तर मी मापं घेतली आहेत. म्हणून बोलतेय.

आमचा फ्लॅट विश्रांतवाडीत, दुसऱ्या मजल्यावर. मम्मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती. दोन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापात गेली, तेही दवाखान्यातच. मी तेव्हा बंगळुरूला होते. गेल्या वर्षी हिंजवडीत नोकरी मिळाली आणि परत आले. नाइट शिफ्ट. संध्याकाळी सहाला कॅब येते, सकाळी साडेसातला घरी सोडते.

माझी जुनी खोली रस्त्याच्या बाजूला आहे, दिवसा नुसते हॉर्न. पहिल्याच आठवड्यात पप्पा म्हणाले, "मागची बेडरूम घे. शांत आहे."

"आणि तुम्ही?"

"मी दिवाणावर. पाठीला कडक बरं असतं."

मी आले तेव्हापासून ते हॉलमधल्या दिवाणावरच झोपत होते. मी जास्त विचारलं नाही. आमच्याकडे कुणी जास्त विचारत नाही.

बेडरूममध्ये मम्मी-पप्पांचा जुना डबल बेड, त्यावर कापसाची एकच मोठी गादी. डाव्या बाजूला, खिडकीकडे, खड्डा – ती मम्मीची बाजू. मी उजवीकडे, भिंतीकडे तोंड करून झोपायचे. आठला डोळा लागायचा आणि नऊला, नऊच्या आसपास, उघडायचा. मग काही केल्या झोप नाही. असे पाच महिने. क्लायंटच्या कॉलवर मला दोनदा डुलकी लागली. टीम लीड हसत म्हणाला, "विश्रांतवाडीत राहतेस आणि विश्रांती इथे घेतेस?" मग हसणं थांबवून म्हणाला, "तिसऱ्यांदा झालं तर मला वर सांगावं लागेल." मी प्रोबेशनवर. ही नोकरी गेली तर परत बंगळुरू, आणि पप्पा परत एकटे, हॉलमध्ये, त्या दिवाणावर.

म्हणून मी खोली साफ करायला घेतली. झोपेवरचे सगळे व्हिडिओ तेच सांगत होते – धूळ काढा, पसारा काढा, हवा येऊ द्या. दोन दिवस सुट्टी टाकली. पंख्याची पाती काढून धुतली, पाणी काळं झालं. भिंती ओल्या फडक्याने पुसल्या. कपाटावरच्या बॅगा, जुनी कॅलेंडरं, बंद पडलेलं घड्याळ काढलं. बेडखाली मम्मीचे ड्युटीचे पांढरे बूट होते. ते पुसून परत खोक्यात ठेवले. पडदे धुतले. डाव्या खिडकीचा पडदा मी पहिल्या दिवसापासून हवेसाठी बाजूला बांधून ठेवला होता, तो धुऊन परत तसाच बांधला. माझी बाजू उजवी होती, मला त्या उजेडाचा त्रास नव्हता.

राहिली गादी. सोसायटीच्या गेटबाहेर एक गादीवाले चाचा टेम्पोत पिंजायचं मशीन घेऊन बसतात. पप्पा सकाळी साडेआठला वाचनालयात जातात. ते गेल्यावर मी चाचांना बोलावलं. त्यांनी पार्किंगमध्ये गादी पसरली, खोळ उसवायला ब्लेड लावलं आणि थांबले.

"ताई, ही तर आपणच पिंजलीय."

"नाही हो. आमची पहिल्यांदाच आहे."

"हा टाका बघा. असा फुलीचा टाका या भागात दुसरं कोण घालतं? साहेबांनी बोलावलं होतं, तुमच्याच वडिलांनी. दोनदा."

"दोनदा?"

"पहिल्यांदा तुमची आई गेली त्यानंतर. मग महिन्याभरात परत. मला म्हणाले, तुझा कापूस दबतो. मी म्हटलं, साहेब, महिन्यात दबायला रात्री हत्ती झोपतो का?" चाचा हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "चांगला कापूस आहे, ताई. याचा दोष नाही."

संध्याकाळी पप्पांना विचारावं असं वाटलं. त्यांनी उंच झालेल्या गादीकडे पाहिलं, "केलीस का," एवढंच म्हणाले आणि पेपर उघडला.

ताज्या पिंजलेल्या गादीवर झोपलेल्यांना माहीत असेल, पहिले काही दिवस ती फुगलेली असते. शेजारी कुणी बसलं तरी आपण त्या बाजूला कलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मला जाग आली आणि पहिल्यांदा कळलं की रोज जाग कशाने येते.

गादी डावीकडे कलली.

धपकन नाही. आपली झोपमोड होऊ नये म्हणून कुणी कडेला अलगद टेकावं, तशी. मग थोडा वेळ काहीच नाही. बूट काढायला लागतो तेवढा वेळ. मग पूर्ण वजन, हळूहळू, खांद्यापासून पायांपर्यंत. आवाज नाही, वास नाही, थंडगार हवा वगैरे काही नाही. खोलीत सकाळचं लख्ख ऊन होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. वळून बघितलं नाही. पप्पांनी लहानपणी टॉर्च देऊन शिकवलेलं सगळं त्या क्षणी फुकट गेलं.

पण मी त्यांचीच मुलगी. उठल्यावर त्यांच्या अवजारांच्या पेटीतली सुतळी घेतली, गादीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ताणली आणि खाली बोटं घातली. उजवीकडे, जिथे मी झोपते, तिथे एक बोट. डावीकडे दोन. चार दिवसांनी डावीकडे तीन. मग मी एकटीनेच ती जड गादी ओढून फिरवली, डावी बाजू उजवीकडे. आठवडा झाला. माझ्याखाली गेलेला खड्डा भरत आला होता आणि डावीकडे, नव्या जागी, पुन्हा तीन बोटं.

मला वाटलं, नऊचं ते कलणं झोपेतला भास असेल, आणि खड्डा पप्पांचाच. मी रात्री ऑफिसात असते, ते तिथे येऊन झोपत असतील, आणि सांगायला लाजत असतील. हे वाटल्यावर मला इतकं बरं वाटलं की कॅबमध्ये रडू आलं. मग पप्पा चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला चार दिवस सोलापूरला गेले. मी गादी हाताने थोपटून सपाट केली. जाताना घराला कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. चार दिवस रोज सुतळी लावली. एक, दोन, दोन, तीन. आणि रोज नऊला ते अलगद टेकणं.

वजन ओळखीचं होतं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, इथे लिहायला एवढा वेळ लागला इतकंच. मम्मीने सव्वीस वर्षं नाइट ड्युट्या केल्या. ती सकाळी नऊला यायची आणि याच बाजूला झोपायची. लहानपणी मी तिथे झोपलेली असले की मला उठवायचं नाही म्हणून आधी अशीच कडेला टेकायची. रविवारी पप्पा मला वाचनालयात न्यायचे, का तर घरात आवाज नको. ती दोनला उठायची, तेही बहुतेक वेळा अर्धवट. कुणाचा तरी फोन, कुणाच्या तरी जागी ड्युटी. पेन्शनवर निघाले की महिनाभर नुसती झोपणार आहे, असं म्हणायची. पेन्शनला तीनच वर्षं उरली होती.

पप्पा सोलापूरहून आले त्या रविवारी सकाळी मी घरी पोचले तेव्हा ते चहा गाळत होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "पप्पा, गादी परत दबली."

"कापूस आहे. दबणारच."

"मी माप घेतलंय."

त्यांनी गाळणं खाली ठेवलं. "कुठल्या बाजूला?"

"डाव्या. फिरवली तरी डाव्याच."

मला वाटलं, आता काहीतरी तिरकस ऐकायला मिळणार. त्यांनी माझ्या हातात कप दिला, स्वतःचा उभ्यानेच संपवला, पिशवीत चष्मा टाकला, चपला घातल्या. वाचनालय रविवारी दहाला उघडतं, तेव्हा पावणेआठ वाजले होते.

दारातून वळून म्हणाले, "त्या डाव्या खिडकीचा पडदा का बांधून ठेवलायस?"

"हवेसाठी."

"ओढून घेत जा. नऊ वाजता ऊन येतं त्या बाजूला."

आणि दार आवाज न करता लावून घेतलं.

मी पडदा ओढला. उजवीकडे, भिंतीकडे तोंड करून पडले. नऊला गादी कलली, मी जागी झाले, आणि थोड्या वेळाने परत झोपले. दोन वाजता उठले. जवळजवळ सहा महिन्यांत पहिल्यांदा.

याला आता तीन महिने झाले. नोकरी टिकली आहे. मी रोज झोपते, फार गाढ नाही, पण झोपते. पप्पा आणि मी यावर पुन्हा बोललेलो नाही. कापूस एका बाजूलाच का दबतो हे मी चाचांना विचारलं, इंटरनेटवर शोधलं, काही मिळालं नाही. पडद्याने काय बदललं तेही मला माहीत नाही. इथे कुणाला कारण माहीत असेल तर जरूर सांगा, मी शांतपणे वाचेन.

फक्त गादी बदला, असं कृपया कुणी सुचवू नका.